आठ रात्री, दोनच मुक्काम: ध्रुववृत्तापलीकडच्या हिवाळ्याबद्दल

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. नाताळच्या सुट्टीत पाच जणांनी नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशात नाचणारा रंगीत प्रकाश, बघायला जायचं ठरतंय: त्या दोघं, १२ वर्षांची मुलगी, ७१ वर्षांचे सासरे आणि ६६ वर्षांच्या सासूबाई. हातात आठ रात्री आहेत आणि यादीत नॉर्वेतलं ट्रोम्सो शहर आणि लोफोटेन बेटं, स्वीडनमधलं बर्फाचं आइसहोटेल आणि फिनलंडमधल्या रोव्हानिएमीचं सांताचं गाव. विचारणा अशी: लाइट्स नक्की दिसतील ना? थंडी झेपेल का? दिवसा करायचं काय? आणि सासूबाईंचा खास प्रश्न, तिकडे साडी चालेल का?

ताई, तुमच्या प्रश्नातला ‘नक्की’ आधी बाजूला काढून ठेवू. काही सहलींच्या जाहिरातीत ‘गॅरंटी’ लिहिलेली असते. बारीक अक्षरं वाचली की कळतं, तिचा अर्थ एवढाच की आज नाही दिसले तर पुढच्या एखाद्या रात्री फुकट परत नेऊ. त्या रात्री तुम्ही परतीच्या विमानात असाल तर त्या गॅरंटीचं काय लोणचं घालायचं? मी तेरा हिवाळे नॉर्वेतलं ट्रोम्सो ते स्वीडनमधलं आबिस्को या पट्ट्यात आपल्याकडचे गट घेऊन जातोय. त्याआधी सह्याद्रीत आणि स्पितीत ट्रेक न्यायचो. एवढ्या वर्षांत माझं एकच मत पक्कं झालंय: ठिकाणं कमी करा, एका जागी रात्री जास्त काढा, आणि त्यातल्या निम्म्या तरी डोंगराच्या कोरड्या बाजूला काढा.

कोरडी बाजू म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच आहे. लाइट्सचा हा प्रकाश जमिनीपासून १०० किलोमीटर आणि त्याहून वर होतो. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात त्याची ऊर्जा साठते आणि मधूनच सुटते, तेव्हा इलेक्ट्रॉन ध्रुवाभोवतीच्या एका गोल कड्यात खाली कोसळतात आणि तिथल्या विरळ हवेला चेतवतात. हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटरवरच्या ऑक्सिजनचा, गडद लाल २०० किलोमीटरच्याही वरच्या ऑक्सिजनचा, आणि पडद्याच्या खालच्या काठाला कधीतरी दिसणारी गुलाबी-जांभळी किनार नायट्रोजनची. ट्रोम्सो ६९.६ अंश उत्तरेला, म्हणजे जवळजवळ त्या कड्याखालीच आहे. त्यामुळे फोनवरच्या अ‍ॅपमध्ये केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे ते सांगणारा ० ते ९ मधला आकडा) १ किंवा २ दिसला म्हणून हिरमुसायचं कारण नाही. तिथे तेवढा पुरतो. अडचण असते ती खाली दहा किलोमीटरच्या आतल्या ढगांची. वर दिवाळी चालू असते आणि आपण ताडपत्रीखाली उभे असतो. म्हणून मी केपी बघत नाही, नॉर्वेच्या हवामान खात्याच्या ‘वायआर’ या साइटवर ढगांचा नकाशा बघतो.

ट्रोम्सोला समुद्राच्या उबदार प्रवाहाची कृपा आहे. एवढ्या उत्तरेला असून जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३-४ च्या आसपास राहतं. पण त्याच कृपेमुळे दमट हवा किनाऱ्यावरच्या डोंगरांना अडते आणि ढग, बर्फ, कधीकधी चक्क पाऊस पडतो. त्या डोंगरांच्या पलीकडे, स्वीडनच्या हद्दीत, तोर्नेत्रेस्क नावाच्या सत्तर किलोमीटर लांब तळ्याकाठी आबिस्को आहे. तिथे वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. स्वीडनमधल्या सगळ्यांत कोरड्या जागांपैकी ती एक. आपल्याला हे नवं नाही. महाबळेश्वर आणि माण-फलटण यांच्यात जे नातं आहे, तेच ट्रोम्सो आणि आबिस्कोत आहे. सगळीकडे ढग असताना आबिस्कोवर निळ्या आकाशाचं भोक पडलेलं मी कितीदा पाहिलंय. दरवेळी पडतं असं नाही, पण शक्यता तुमच्या बाजूने झुकते. बदल्यात थंडी जास्त, उणे १५-२० नेहमीचं.

म्हणून तुमच्या यादीतून लोफोटेन आणि रोव्हानिएमी मी काढून टाकतोय. लोफोटेन सुंदरच आहे, पण ते पुन्हा किनाऱ्यावर, म्हणजे तेच ढग. शिवाय ते खऱ्या अर्थाने बघायला स्वतःची गाडी लागते, आणि डिसेंबरच्या अंधारात, रस्त्यावर आरशासारखा बर्फ असताना, समोरून मूस नावाचं अजस्र हरीण येऊ शकत असताना, पुण्यात गाडी चालवायची सवय असलेल्या माणसाने ते धाडस करू नये. टायरला खिळे असतात हे खरं, पण आपल्या पायाला ब्रेक हळू दाबायची सवय नसते. रोव्हानिएमी ध्रुववृत्तावरच आहे आणि लहान मुलांसाठी छान आहे. तुमची मुलगी १२ वर्षांची. सांता कोण असतो हे तिला कळून चुकलं असणार.

माझा आराखडा असा: मुंबईहून ऑस्लोमार्गे ट्रोम्सो, तिथे चार रात्री. मग बसने नॉर्वेतलंच नार्विक बंदर, साधारण चार तास. नार्विकहून आबिस्कोला रेल्वे, दीड-पावणेदोन तास. ही लाइन शंभरहून जास्त वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या किरुना या खाणगावाचं लोहखनिज बारमाही न गोठणाऱ्या नार्विक बंदरात नेण्यासाठी टाकली. गाडी फिओर्डच्या, म्हणजे डोंगरात घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, कड्याला चिकटून वर चढते, तेव्हा डब्याच्या उत्तरेकडच्या खिडक्या धरा. आबिस्कोत चार रात्री. शेवटच्या दिवशी किरुनाहून विमानाने स्टॉकहोम आणि घरी. नाताळ ते नववर्ष या काळात बस-रेल्वेचं वेळापत्रक विरळ असतं, म्हणून आधी ही जोडणी पक्की करा, मग हॉटेल.

तारखांबद्दल. २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत नॉर्वे घरात बसलेला असतो. दुकानं बंद, बहुतेक उपाहारगृहं बंद. मागे एक कुटुंब २४ च्या संध्याकाळी ट्रोम्सोत उतरलं आणि दोन दिवस पेट्रोल पंपावरच्या सॉसेज आणि बनपावावर राहिलं. त्यातले दोघे शाकाहारी, म्हणजे नुसत्या बनपावावर. तुम्ही २६ च्या रात्री पोहोचा. शाळेचं बंधन नसतं तर मी तुम्हाला मार्चचा पहिला पंधरवडाच सांगितला असता: दिवस मोठा, बर्फ भरपूर, आकाश तुलनेने मोकळं, आणि विषुवदिनाच्या आसपास चुंबकीय वादळंही जास्त होतात. पण मार्चात आपल्याकडे वार्षिक परीक्षा, हे मला माहीत आहे. दहावीनंतरच्या सुट्टीचा विचार करत असाल तर एप्रिलच्या मध्यापासून रात्र उरतच नाही, तेव्हा तो नाद सोडा.

‘यंदा नाही गेलो तर अकरा वर्षं थांबावं लागेल’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. सूर्याचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं आणि सध्याच्या चक्राचा कळस आल्याचं नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान-सागर संस्था) यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, हे खरं. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या वादळात लडाखच्या हानलेहूनही आकाशात लाली टिपली गेली. ती लालच का, हिरवी का नाही? कारण इतक्या दक्षिणेकडून फक्त सगळ्यात उंचावरचा भाग क्षितिजावर डोकावतो. अशा दुर्मीळ रात्रींसाठी कळस महत्त्वाचा. ट्रोम्सो-आबिस्कोला मात्र चक्राच्या तळातल्या वर्षांतही मी भरभरून लाइट्स पाहिलेत.

आता काळोखाची भीती. ट्रोम्सोत २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही, आणि डोंगर आडवे असल्याने शहरातून तो दिसायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी मुलांना शाळेतून सूर्य बघायला सोडतात आणि बेकरीत जॅम भरलेले गोळे घ्यायला रांगा लागतात. पण ‘चोवीस तास अंधार’ ही कल्पना चुकीची. डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त तीन अंश खाली असतो. साडेनऊ-दहापासून दीड-दोनपर्यंत चांगला उजेड असतो, बाहेर पेपर वाचता येईल इतका. दक्षिणेला केशरी-गुलाबी पट्टा, उत्तरेला गडद निळं आकाश, आणि मधला सगळा बर्फ त्या निळ्यात बुडालेला. आपल्याकडे सांजवेळ दिवा लावेपर्यंत संपते. तिथे ती चार तास थांबून राहते. माझ्या गटातले लोक लाइट्सचं बोलत येतात आणि परत जाताना या निळ्या दुपारीचं बोलतात. नशीब असेल तर याच वेळी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकणारे ढग दिसतात. ते १५ ते २५ किलोमीटर उंचीवर, हवा उणे ७८ च्याही खाली गेली की तयार होतात. त्यासाठी तिकीट नाही, फक्त मान वर करायची.

रात्रीचं गणित वेगळं. ट्रोम्सोत ‘चेस’ हा प्रकार असतो: छोटी गाडी, आठ ते पंधरा माणसं, आणि ढग जिथे फाटलेत तिथवर गाइड नेतो. मोठ्या बसपेक्षा ही घ्या. फिओर्डमधली बोट तर घेऊच नका, ढगापासून ती पळू शकत नाही आणि हलत्या डेकवर फोटोही येत नाही. काचेच्या इग्लूचंही तेच: ढग आले की महागडं छत बघत झोपायचं. किनाऱ्यावर ढग असतील तर चेसची गाडी दोन तास आत शिबोतनच्या दरीकडे आणि बरेचदा पुढे फिनलंडच्या हद्दीत किल्पिसयार्वीपर्यंत जाते. म्हणजे रात्री फिरायला निघताना पासपोर्ट जवळ हवा. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून आलेला एक तरी हुशार माणूस मला दरवर्षी भेटतो. परत यायला दोन-तीन वाजतात. सासऱ्यांनी दुपारी झोप काढावी, आणि चेस पहिल्याच रात्री ठेवू नका. प्रवासाने शिणलेला माणूस लाइट्ससमोर घोरतो.

एक रात्र सांगतो, म्हणजे नेमकं काय बघायचं ते कळेल. शिबोतनच्या पुढे, उणे १९. साडेआठला उत्तरेला फिकट पट्टा दिसायला लागला. गटातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘‘हे होय? हा तर गुऱ्हाळाचा धूर.’’ त्यांचं चुकलं नव्हतं. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाही, म्हणून फिका प्रकाश करडाच दिसतो. कॅमेऱ्याला मात्र तोच हिरवा दिसतो. तासभर पट्टा तसाच. निम्मी मंडळी गाडीत जाऊन बसली. साडेदहाच्या सुमाराला पट्ट्याची खालची कड तीक्ष्ण झाली, जणू कुणीतरी पेन्सिलने आखली, आणि पूर्वेच्या टोकाला गाठ बसल्यासारखी झाली. हीच खूण. मी गाडीवर थाप मारून सगळ्यांना बाहेर काढलं. पुढच्या मिनिटात तो पट्टा फाटला, उभ्या सळ्या झाल्या, त्या सळ्या डोक्यावर धावत आल्या आणि बरोबर माथ्यावर एका बिंदूतून चहूकडे उधळल्या. बर्फ हिरवा झाला. माणसांचे चेहरे हिरवे झाले. खालच्या काठाला गुलाबी झालर धावत होती. सात-आठ मिनिटं. मग आकाशभर नुसते धपापणारे ठिपके राहिले. मास्तर काही बोलले नाहीत, टोपी काढून उभे होते. त्यांच्या मिसेस ‘‘अहो, टोपी घाला’’ म्हणून ओरडत होत्या.

सांगायचं ते हे की लाइट्स तासन् तास शांत असतात आणि नाच काही मिनिटांचा असतो. पहिला पट्टा बघून ‘झालं, बघितलं’ म्हणत हॉटेलात परतणारे त्या मिनिटांना मुकतात. आबिस्कोत तुम्ही दारातच असता, म्हणून पाळी लावा: दर वीस मिनिटांनी एकाने बाहेर जाऊन बघायचं, संध्याकाळी सहापासून एकपर्यंत. हे काम तुमच्या मुलीकडे द्या. फोनचा नाइट मोड आणि छोटा ट्रायपॉड पुरे. कॅमेरा असेल तर मॅन्युअल फोकस एखाद्या ताऱ्यावर लावून घ्या, आयएसओ १६०० ते ३२००, एक्सपोजर दोन ते आठ सेकंद. फ्लॅश मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर शेजारच्याची शिवी खाल. पौर्णिमेला घाबरू नका. चांदण्यात डोंगर दिसतात, फोटो उलट चांगले येतात.

थंडी. खरं सांगू? तुमच्या सासू-सासऱ्यांना धोका थंडीचा कमी आणि घसरून पडण्याचा जास्त. ट्रोम्सोत बर्फावर पाऊस पडतो, तो रात्री गोठतो, आणि सकाळी फुटपाथ काचेचा झालेला असतो. बुटांना खालून अडकवायचे काटे तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात किंवा खेळाच्या दुकानात मिळतात. विमानतळावरून हॉटेलात गेल्यावर पहिली खरेदी तीच, पाचही जणांसाठी. पावलं बदकासारखी छोटी आणि सपाट टाकायची, हात खिशात घालायचे नाहीत. दुकानात शिरताना मात्र काटे काढा, फरशीवर तेच घसरतात.

कपड्यांवर पैसे उधळू नका. कुत्र्यांच्या किंवा लाइट्सच्या सहलीला बहुतेक ठिकाणी जाड ओव्हरऑल आणि बूट देतात. तुमचा खर्च अंगाला लागणाऱ्या थरावर करा: मेरिनो लोकरीचे दोन जोड प्रत्येकी, त्यावर फ्लीस किंवा आईने विणलेला लोकरी स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं काहीही. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स घरी ठेवा. सूत घाम धरून ठेवतं आणि मग तुम्हाला गारठवतं. पहिल्या हिवाळ्यात मी स्वतः शहाणपणा करून तीन जोडी मोजे चढवले होते. बूट घट्ट झाले, रक्त फिरेना, आणि अर्ध्या तासात डाव्या पायाची बोटं माझी राहिली नाहीत असं वाटलं. एक जाड लोकरी जोड, आणि बूट एक माप मोठा. आत बोटं हलली पाहिजेत. हातात पातळ हातमोजा, त्यावर बोटं एकत्र राहतील असा जाड. फोटोसाठी जाड काढायचा, पातळ नाही.

आकडा वाचून फसू नका. उणे २० शांत हवेत झेपतं, पण स्लेजवर ताशी १५ किलोमीटरचा वारा तोंडावर आला की तेच उणे २९ सारखं लागतं. नाकातले केस ताठ झाल्याची पहिल्यांदा गंमत वाटेल, पापण्यांवर दहिवर जमेल. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरा, मेणासारखा डाग दिसला तर लगेच उघड्या तळहाताने झाका आणि आत या. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. एकमेकांचे चेहरे बघत राहणं हे काम सगळ्यांचं. धातूचे डूल, नथ, कानातल्या साखळ्या काढून ठेवा. धातू थंडी थेट कातडीत पोचवतो. मंगळसूत्र आतल्या थरावर, अंगालगत राहिलं तर काही होत नाही. सासऱ्यांना दमा किंवा छातीचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला आणि बाहेर नाका-तोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ठेवूनच श्वास घ्या. इन्सुलिन असेल तर ते गोठता कामा नये: आतल्या खिशात. फोनही तिथेच, नाहीतर चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडतो. कॅमेरा आत आणण्यापूर्वी पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर भिंगावर पाणी धरतं.

दिवसांचं पटकन सांगतो. कुत्र्यांची स्लेज कराच, आणि आबिस्कोला करा. निघण्यापूर्वी कुत्री अशी बोंबलतात, उड्या मारतात, दोर चावतात की मुलगी घाबरेल. स्लेज अडवून धरणारा बर्फातला नांगर उचलला की पुढच्या क्षणी संपूर्ण शांतता. फक्त पट्ट्यांची सरसर आणि चाळीस पंजांची टपटप. हाकणाऱ्याने एकच नियम पाळायचा: पडलात तरी दांडा सोडायचा नाही, कुत्री थांबत नाहीत. वडीलधाऱ्यांनी पुढे कातड्यावर बसून जायचं. स्नोमोबाइल हाकायला मूळ वाहन परवाना जवळ लागतो, आदल्या दिवसाची दारू चालत नाही, आणि मोडतोड झाली तर ठरावीक रकमेपर्यंतचा भुर्दंड तुमच्या माथी असतो. तो कागद वाचून सही करा. मुलीला आणि सासू-सासऱ्यांना गाइडच्या मागच्या गाडीत बसवतात, तिथे धूर आणि धक्के दोन्ही मिळतात. मी असतो तर सोडून दिलं असतं.

त्याऐवजी रेनडिअर पाळणाऱ्या सामी (इथले मूळ रहिवासी) कुटुंबाकडे अर्धा दिवस घालवा. रेनडिअर चालताना त्याच्या पायातून टक-टक असा आवाज येतो, शिरेचा. शांत बर्फात शंभर जनावरांचा तो आवाज ऐकण्यासारखा असतो. त्यांच्या डोळ्याच्या आतला परावर्तक पडदा उन्हाळ्यात सोनेरी आणि हिवाळ्यात निळा असतो, अंधारात जास्त उजेड पकडण्यासाठी. चुलीभोवती बसल्यावर त्यांना हवामानाबद्दल विचारा. हिवाळ्यात पाऊस पडून गोठला की जमिनीवरचं दगडफूल बर्फाच्या कवचाखाली अडकतं आणि जनावरं उपाशी राहतात. अवकाळीचं दुःख आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. लाइट्सना सामी भाषेत ‘गुओव्सहास’ म्हणतात, आणि त्यांना बघून शिट्टी वाजवायची नाही असं जुने लोक बजावतात. मुलीला हे आधी सांगून ठेवा.

व्हेल ट्रोम्सोहून डिसेंबरात दिसतात. हेरिंग माशांच्या थव्यामागे हंपबॅक आणि ओर्का येतात, पण गेली काही वर्षं हेरिंग उत्तरेला शेर्व्हॉयच्या बाजूला सरकले आहेत. म्हणजे एका बाजूला तीन-साडेतीन तास बोट. समुद्र लागत असेल तर तुम्ही दोघं आणि मुलगी जा, वडीलधाऱ्यांना शहरात केबल कारने वर पाठवा.

आइसहोटेल किरुनाजवळ युक्कासयार्वीला आहे, १९८९ पासून. तोर्ने नदीतून बर्फाच्या लाद्या कापून दरवर्षी नव्याने बांधतात. आतल्या खोलीत उणे ५ ते ८ असतं आणि तुम्ही रेनडिअरच्या कातड्यावर स्लीपिंग बॅगमध्ये झोपता. स्वच्छतागृह शेजारच्या गरम इमारतीत. ७१ व्या वर्षी रात्री दोनदा उठावं लागत असेल तर पुढचं मी सांगायला नको. शेवटच्या दिवशी विमानापूर्वी तासभर तिकीट काढून बघा. वेळ उरला तर किरुनाचं लाकडी चर्च गाठा: खाणीमुळे जमीन खचते म्हणून गावच हलवताहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये १९१२ सालचं हे अख्खं चर्च चाकांवर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं.

व्हिसाचं: चार-चार रात्री समान असल्या की ज्या देशात आधी पाऊल ठेवता त्याच्याकडे अर्ज, म्हणजे नॉर्वे. शुल्कात सवलत १२ च्या आतल्या मुलांना आहे, तुमच्या मुलीचं पूर्ण लागेल. विमा किमान ३०,००० युरोचा, आणि त्यात हिवाळी खेळ धरलेत का ते बघा. खाण्याचं: दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून नेता येत नाहीत, म्हणून पेढे, खवा, पनीर नको. मेतकूट, भाजणी, चटण्या, भाकरवडी बिनधास्त न्या. आबिस्को खेडं आहे, दुकान एखादंच. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि तांदूळ-डाळ ट्रोम्सोहून भरून न्या. नळाचं पाणी अमृत आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

राहिली साडी. सुती परकर सोडून बाकी चालतं, असं सासूबाईंना सांगा. आत लोकरी थर, बाहेर जाताना ओव्हरऑल, आणि हॉटेलात साडी नेसावी. तिथे घरं इतकी गरम असतात की आपल्यालाच घाम फुटतो. माझ्या गटातल्या सोलापूरच्या एक आजी हट्टाने पैठणी घेऊन आल्या होत्या. तोर्नेत्रेस्कच्या गोठलेल्या तळ्यावर, थर्मलवर पैठणी, पायात फेल्टचे बूट, अशा दोन मिनिटं उभ्या राहिल्या. आम्ही फोटो काढला. पदराच्या ज्या टोकाने त्यांनी नाक झाकलं होतं, ते श्वासाने भिजून पत्र्यासारखं ताठ झालं होतं. गाडीत बसल्यावर पाच मिनिटांत सुटलं, आणि त्या पहिल्यांदा म्हणाल्या, ‘‘रंग गेला नाही ना बघ रे.’’